बिल्ला दुकानाचा, इंजिन दुसऱ्याचं: रेस दिली की बसणारी चेनसॉ आणि न जुळणारे पार्ट

लक्षण असं. दोरी ओढली की चौथ्या-पाचव्या झटक्याला चेनसॉ सुरू होते. स्लोवर बरी चालते. ट्रिगर दाबला की घास घशात अडकावा तसा आवाज होतो आणि मशीन बसते. पुन्हा पेट्रोल भरायचा रबरी फुगा दाबायचा, पुन्हा दोरी, पुन्हा तेच. कार्ब्युरेटर साफ केला की पंधरा-वीस दिवस झकास, मग पहिले पाढे पंचावन्न. नवा मागवावा तर तो बसत नाही, एखादी नळी जास्त नाहीतर एखादी कमी. आणि मशीनवरच्या नावाने पार्ट शोधायला गेलं तर त्या नावाचा कारखानाच कुठे सापडत नाही, कारण ते नाव दुकानाचं आहे.

इथे दोन दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. एक इंधनाचं, जे कुठल्याही छोट्या टू-स्ट्रोकला होतं. दुसरं ओळखीचं, म्हणजे ही मशीन खरी कुणी बनवली ते माहीत नसणं. बहुतेक जण पहिल्याच्या मागे लागतात आणि दुसऱ्यापाशी अडकतात. माझा क्रम उलटा आहे. आधी मशीनची जात शोधायची, मग पाना हातात घ्यायचा. चुकीच्या मशीनचा पार्ट बरोबर बसवला तरी दुखणं तसंच राहतं, वर तो पार्ट नवा असल्यामुळे पुढचे चार दिवस त्याच्यावर कुणी संशयही घेत नाही.

नाव कुणाचं, काम कुणाचं

मोठी दुकानं स्वतः चेनसॉ बनवत नाहीत. ती कारखान्याला ऑर्डर देतात: आमचा रंग, आमचं नाव, अमुक इंचाची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), अमुक किमतीत बसवा. दोन-तीन वर्षांनी करार बदलतो आणि तोच बिल्ला दुसऱ्या कारखान्याच्या मशीनवर लागतो. म्हणून "याच नावाची चुलतभावाची मशीन आहे, तिचा पार्ट चालेल का?" या प्रश्नाला नावावरून उत्तर देता येत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या सिअर्सचं. क्राफ्ट्समन नावाने त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अवजारं विकली, पण मॉडेल नंबरात कारखान्याचा माग ठेवला. नंबरात एक टिंब असतं आणि टिंबाच्या आधीचे तीन आकडे म्हणजे बनवणारा. चेनसॉवर ३५८ दिसलं तर मशीन पूलानची. ३१६ म्हणजे एमटीडी. ९१७ म्हणजे रोपर. डेव्हिड ब्रॅडली नावाने सिअर्सने विकलेल्या जुन्या, जड चेनसॉंवर हाच आकडा दिसतो. टिंबानंतरचे आकडेही शेवटपर्यंत उतरवून घ्यायचे. शेवटचा आकडा बदलला की कधी कार्ब्युरेटर बदललेला असतो, कधी नुसता बॉक्सचा रंग.

२०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरकडे गेलं. त्यानंतरच्या मशीनचे नंबर अक्षरांनी सुरू होतात, तिथे ही तीन आकड्यांची किल्ली लागत नाही.

आता एक गैरसमज. पूलान आधी इलेक्ट्रोलक्सकडे होती आणि २००६ मध्ये जंगलकामाच्या भारी चेनसॉ बनवणारी हस्कवार्ना इलेक्ट्रोलक्सपासून वेगळी झाली तेव्हा तिच्याबरोबर गेली. एवढ्यावरून "आतून ही हस्कवार्नाच आहे" असं छातीठोक सांगणारे भेटतात. मालक एक असला म्हणून मशीन एक होत नाही. जंगलात रोज आठ तास चालणाऱ्या मशीनचा क्रँककेस मॅग्नेशियमचा, दोन उभ्या भागांचा असतो. दुकानाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये सिलिंडरच्याच खाली एक झाकण बोल्टने आवळून क्रँक आत धरलेला असतो आणि ते सगळं इंजिन प्लॅस्टिकच्या अंगात बसवलेलं असतं. घरच्या कामाला ही बांधणी वाईट मुळीच नाही, फक्त जात वेगळी आहे आणि पार्टही वेगळे आहेत.

पट्टी गेली असेल तर

नंबराची पट्टी बहुतेक वेळा मागच्या मुठीखाली, स्टार्टरच्या बाजूला किंवा बारजवळच्या अंगावर चिकटवलेली असते. पेट्रोल आणि चेनचं तेल तिच्यावर वर्षानुवर्षं ओघळतं, त्यामुळे जी मशीन सगळ्यात जास्त वापरलेली तिचीच पट्टी आधी जाते. साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, टॉर्च तिरका धरा, मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. थिनर लावू नका. थिनरने मळ जातो आणि त्याच्याबरोबर नंबरही.

नंबर नाहीच मिळाला तर मशीन वाचायची. इथे सुरुवातीलाच एक सूचना, कारण या चुकीपायी लोकांचे दिवसच्या दिवस वाया गेलेले पाहिलेत. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दोन बाणांच्या मध्ये "पीए६-जीएफ३०" अशी इंग्रजी अक्षरं असतात. हा पार्ट नंबर नाही! त्याचा अर्थ एवढाच की हे नायलॉन ६ आहे आणि त्यात ३० टक्के काचतंतू आहेत. त्या नंबराने शोध घेतला तर जगातलं कुठलंही झाकण समोर येईल. शेजारी घड्याळासारखं गोल आणि बाण दिसला तर ती साच्यातून निघाल्याची तारीख. मशीन साधारण कधीची हे त्यावरून कळतं, कुणाची ते कळत नाही.

खरा साक्षीदार कार्ब्युरेटर. चेनसॉचे कारखाने कार्ब्युरेटर सहसा स्वतः बनवत नाहीत, ते वॉल्ब्रो किंवा झामाकडून घेतात. एअर फिल्टर काढा, दोन नट सोडा, कार्ब्युरेटर थोडा पुढे ओढा आणि अंगावरची बारीक कोरलेली अक्षरं वाचा. वॉल्ब्रोवर बऱ्याचदा "डब्ल्यूटी" आणि पुढे एक आकडा असतो. त्या आकड्यावरून नेमका कोणता कार्ब्युरेटर ते कळतं, मशीनचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. झामावर तर त्याहून मजा आहे. "सी१यू" नंतर जे अक्षर येतं ते सहसा गिऱ्हाईक कारखान्याची खूण असतं: डब्ल्यू असेल तर पूलान आणि वीड ईटरचं घराणं, एच असेल तर होमलाइट, के असेल तर पूर्वी एको बनवणारी कियोरित्झ. बिल्ला कुठल्याही दुकानाचा असो, हे अक्षर सहसा खरं बोलतं. अट एवढीच की कार्ब्युरेटर मशीनबरोबर आलेलाच हवा. आधीच्या मेकॅनिकने बदललेला असेल तर साक्ष फुटली.

कार्ब्युरेटर दुरुस्तीच्या किटसाठी (नवे पडदे आणि गॅस्केट) मशीनचा नंबर लागतच नाही. वॉल्ब्रोची किट "के"ने सुरू होतात, झामाची "आरबी"ने, आणि कोणतं घ्यायचं ते कार्ब्युरेटरच्या नंबरावरून ठरतं. एवढं कळलं तरी निम्म्या मशीनचं काम होतं आणि बिल्ल्याचं कोडं सोडवायची गरजच उरत नाही.

पूलानच्या बनावटीत आणखी एक खोच आहे. पट्टीवर मॉडेलशेजारी "टाइप" म्हणून १, २, ३ असा आकडा असतो. मॉडेल तेच, पण टाइप बदलला की कार्ब्युरेटर, नळ्या, कधी कॉइलही बदलते. मॉडेल बरोबर सांगून चुकीचा पार्ट हातात पडण्याचं हे एक ठरलेलं कारण.

मग ५२ आणि ५८ सीसी लिहिलेल्या, शेकडो नावांनी विकल्या जाणाऱ्या चिनी मशीन. यांचं मूळ झेनोआ या जपानी कंपनीच्या एका जुन्या रचनेत आहे. ती इतक्या कारखान्यांनी उचलली की नाव हा पुरावाच उरला नाही. या मशीनच्या बाबतीत नाव सोडा आणि माप घ्या. स्टिकरवरच्या सीसीवरही फार विसंबू नका. सिलिंडर काढलेलाच असेल तर भोकाचा व्यास मोजा, पिस्टन वरून खाली किती जातो ते मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले स्ट्रोक (म्हणजे पिस्टन जातो ते अंतर), आणि मापं मिमीमध्ये असतील तर भागिले १०००. व्यास ४५ मिमी आणि स्ट्रोक ३३ मिमी असेल तर उत्तर साधारण ५२.५ सीसी येतं, मग स्टिकरवर काहीही छापलेलं असो. पिस्टन मागवताना सीसी सांगू नका. व्यास, पिनची जाडी आणि पिनपासून माथ्यापर्यंतचं अंतर सांगा.

आता दुखणं

इंजिन सुरू करायची पहिली तपासणी झाली की प्लगची टोपी काढून बाजूला बांधा. हातमोजे घाला, थांबलेली चेनही कापते. मग या क्रमाने.

पहिली तपासणी फुकटातली. मशीन सुरू करा आणि बंद पडायला लागली की पेट्रोलच्या टाकीचं झाकण अर्धा आटा सैल करा. लगेच सावरली तर टाकीला श्वास घेता येत नाही, झाकणातला किंवा टाकीतला व्हेंट तुंबलाय. कार्ब्युरेटरला हात लावू नका. झाकण सैल केल्यावर पेट्रोल सांडू शकतं, म्हणून मशीन सपाट जमिनीवर ठेवा आणि हे गार इंजिन नुकतंच सुरू केलेलं असताना करा.

दुसरी, मफलर उघडून आत बघा. दोन बोल्ट असतात. भोकातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत आणि आडव्या बारीक रेघांची असेल तर पुढे जा. उभे ओरखडे, चकाकणारे चट्टे, ॲल्युमिनियम पुसल्यासारखं दिसत असेल तर इंजिन कोरडं चाललेलं आहे आणि कार्ब्युरेटरवर खर्च करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मफलरमधली बारीक जाळीही याच वेळी बघा. काजळीने बुजलेली जाळी रेस मारते, पण तेव्हा मशीन एकदम बसत नाही, नुसती दमल्यासारखी चालते.

तिसरी, पेट्रोलची नळी. या लेखाचा निम्मा जीव इथे आहे.

माझ्याकडे एक मशीन आली होती. बिल्ला एका दुकानाचा, पट्टी अर्धी पुसलेली. मालकाने मशीनबरोबर एक प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत तीन कार्ब्युरेटर होते आणि चौथा मशीनवर. म्हणाला, "दादा, प्रत्येक नवा लावला की दोन-तीन आठवडे चालते. टाकी फुल असली की तर विचारूच नका, अर्धी झाली की नाटकं सुरू." मी कार्ब्युरेटर बघितलाच नाही. "टाकी अर्धी झाली की" हे ऐकल्यावर झाकण उघडलं, वाकवलेल्या तारेने पेट्रोलचा फिल्टर वर ओढला. नळीचा दिसणारा भाग ठीक होता, थोडा पिवळट, बस. मग जिथे ती टाकीच्या भोकातून बाहेर येते तिथून तिला मागे ओढली आणि बोटाभोवती वळवली. सरळ असताना काहीच दिसत नव्हतं. वळवताच भोकात दाबून बसणाऱ्या त्या टीचभर नळीवर नखाच्या आकाराची चीर तोंड उघडून उभी राहिली. आणखी जरा ओढली तर तुकडाच हातात आला, आतून काळा आणि चिकट.

आता त्याची तक्रार लावून बघा. चीर पेट्रोलच्या पातळीखाली असते तोवर नळी पेट्रोलच ओढते. पातळी उतरली की चीर उघडी पडते आणि पंपाला पेट्रोलबरोबर हवा मिळते. स्लोवर इंजिनला थोडंच पेट्रोल लागतं, म्हणून तेवढ्यावर भागतं. रेस दिली की भागत नाही. आणि प्रत्येक नवा कार्ब्युरेटर लावताना नळी काढली-घातली जात होती, चीर जरा आतबाहेर सरकून दबत होती, म्हणून दोन-तीन आठवडे बरे जात होते. बिचारे तिन्ही कार्ब्युरेटर नाहक बदनाम.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने या नळ्या लवकर जातात. रबर फुगतं, मग कडक होतं, मग तडकतं. शिवाय असं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत स्लोवर चालवली तर नळीचं आयुष्य वाढतं, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणीही करत नाही.

नळी बदलताना ओळखीचा प्रश्न पुन्हा आडवा येतो. पूलानच्या घराण्यात टाकीला दोन भोकं असतात आणि दोन्ही एकाच मापाची असतील असं धरून चालू नका. नळी भोकात नुसती दाबून बसते, वेगळं वायसर नसतं. म्हणजे आतल्या मापाइतकंच बाहेरचं मापही महत्त्वाचं. बाहेरून अर्धा मिलिमीटर बारीक नळी घातली तर ती सहज जाईल, आपण खूश होऊ, आणि टाकी भरली की त्या भोकातून पेट्रोल झिरपेल. बरोबर नळी जाताना त्रास देते. तिचं टोक लांब, निमुळतं, तिरकं कापा, टोकाला टू-टी तेलाचा थेंब लावा, बाहेरून भोकात सरकवा, टाकीच्या तोंडातून बारीक चिमट्याने पकडून ओढा आणि मग निमुळता भाग कापून टाका. फिल्टर लावल्यावर तो टाकीच्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का ते मशीन हलवून बघा. आखूड ठेवली तर "अर्धी टाकी" हे दुखणं नव्याने विकत घेतलंत.

चौथी, फुगा. दाबल्यावर कडक आणि चिरलेला वाटला तर बदला, महाग पार्ट नाही. पण त्याला दोन नळ्या असतात, एक ओढणारी आणि एक टाकीत परत सोडणारी. त्या उलट लागल्या तर फुगा टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलायला बघतो आणि मशीन धड सुरू होत नाही. कोणती कोणती हे ओळखायला पुस्तक नको. सुटा फुगा हातात धरा, एका तोटीवर बोट ठेवून दाबा. जी तोटी बोटावर फुंकर मारते ती टाकीकडे जाणारी, जी बोट चोखते ती कार्ब्युरेटरकडून येणारी. जुन्या नळ्या काढण्याआधी फोटो काढलात तर हेही करावं लागणार नाही.

कार्ब्युरेटरची पाळी

नळी, फिल्टर, फुगा ठीक असतील तरच. झाकणाचा एक स्क्रू काढला की पंपाचा पातळ पडदा दिसतो. त्याच्याखाली छोट्या खड्ड्यात एक बारीक जाळी बसवलेली असते. ती न बघता "कार्ब्युरेटर साफ केला" म्हणणारे बरेच असतात. सुईने अलगद उचला, उजेडाकडे धरा. दुसऱ्या बाजूला मीटरिंगचा, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पडदा. तो मऊ, कापडासारखा हलला पाहिजे. बोटाने दाबल्यावर पापडासारखा कुडकुडला तर तोच गुन्हेगार, किट टाका. या बाजूला आधी गॅस्केट अंगाला लागते, त्यावर पडदा. उलट बसवलं तर सगळं नवं असूनही मशीन चालत नाही. खालचा छोटा लिव्हर वाकवायच्या आधी त्याची उंची मोजून लिहून ठेवा.

आणि ती सगळ्यात फसवी चूक. हा कार्ब्युरेटर पेट्रोल ओढतो तो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर. इंजिनकडून एक बारीक भोक येतं, ते मधल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यातून आणि गॅस्केटमधून कार्ब्युरेटरच्या भोकाला जुळलं पाहिजे. गॅस्केट उलटी बसली, किंवा दिसायला तंतोतंत पण भोक दुसऱ्या जागी असलेला कार्ब्युरेटर आला, तर पंपच हलत नाही. फुग्याने भरलेलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालते आणि मग मरते. म्हणजे लक्षण हुबेहूब तेच! "नवा कार्ब्युरेटर लावला तरी तसंच" म्हणणाऱ्यांना मी आधी हाच प्रश्न विचारतो: भोक भोकावर आहे का? नवा घेताना जुना शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा: या भोकाची जागा, तोट्या किती आणि कुठल्या बाजूला, चोक आणि थ्रॉटलचे हात कुठल्या दिशेला वळतात.

मधल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचे स्क्रू सैल होणं हाही या मशीनचा ठरलेला खोडसाळपणा. ते सैल झाले की इंजिन बाजूने हवा खातं. ओळख अशी: स्लोचा आवाज आपोआप चढतो, उतरता उतरत नाही, मशीन आडवी केली की बदलतो. कार्ब्युरेटर काढून ते दोन स्क्रू आवळा, गॅस्केट फाटली असेल तर बदला. एवढं करूनही हवा खात असेल तर क्रँकचं सील गेलंय आणि तिथे मी बहुतेक दुकानी मशीनच्या मालकांना थांबा म्हणतो. सील स्वस्त असतं, पण सगळं इंजिन अंगातून काढावं लागतं.

शेवटी सेटिंग. एल (स्लोचा) आणि एच (फुल रेसचा) असे दोन स्क्रू, काही मशीनवर त्यांची डोकी मुद्दाम विचित्र आकाराची, साधा पेचकस न लागणारी. त्याची किल्ली वेगळी मिळते. दोन्ही स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या, जोर लावू नका, मग एकेक आटा बाहेर. इथून सुरुवात. फुल रेसला, लाकडात नसताना, आवाज किंचित फडफडता हवा आणि लाकडात शिरताच तो साफ झाला पाहिजे. हवेत एकदम तिखट, किंचाळणारा आवाज कानाला छान वाटतो, पण तो पिस्टन चिकटण्याच्या वाटेवरचा आवाज आहे. एच थोडा बाहेर घ्या.

तेलाच्या प्रमाणाचाही घोळ बिल्ल्यामुळेच होतो. जुन्या मशीनवर १६:१ दिसतं, चिनी मशीनवर बऱ्याचदा २५:१, पूलानच्या बनावटीवर ४०:१. पट्टी वाचता येत असेल तर ती पाळा. नसेल वाचता येत तर चांगलं आजचं टू-टी तेल ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली, ठेवलं तर कुणी रडत आलेलं मला आठवत नाही. प्रमाण बदललंत तर एच पुन्हा बघा. तेल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं.

चेन आणि बार

इथे बिल्ल्याचा काहीच संबंध नाही, तरी लोक दुकानात जाऊन नाव सांगतात. तीन गोष्टी सांगायच्या. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर निम्मं केलं की पिच. तिन्हींचं मिळून साधारण १६.५ मिमी आलं तर .३२५ इंच, १९ च्या आसपास आलं तर ३/८ इंच. बारच्या खाचेत जाणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी. आणि त्या लिंक किती आहेत ते मोजून. स्टिकरवरचे १८ इंच, २० इंच यावरून चेन आणू नका. ऑरेगॉन कंपनीची चेन असेल तर लिंकवरच आकडा कोरलेला असतो. ९१ म्हणजे लो-प्रोफाइल ३/८ आणि १.३ मिमी जाडी, २१ म्हणजे .३२५ आणि १.५ मिमी. पिच बदलायचा असेल तर स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) बदलावं लागतं. ते काढताना क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. जोर लावत बसलेला माणूस दिसला की समजावं, त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.

मशीन एकदा ओळखली की परत ओळखायची वेळ येऊ नये म्हणून मी एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाड मार्करने लिहून ठेवतो: खरा कारखाना, मॉडेल आणि टाइप, कार्ब्युरेटरचा नंबर, किटचा नंबर, नळीचं आतलं-बाहेरचं माप, चेनच्या लिंक. बाहेरची पट्टी जाते, आतलं टिकतं.

त्या पिशवीवाल्याच्या मशीनला दोन नळ्या आणि एक फिल्टर लागला. पिशवीतल्या तिघांपैकी एकावर झामाचा "डब्ल्यू" होता, म्हणजे मशीनबरोबर आलेला, सगळ्यात आधी काढून टाकलेला तोच. किट टाकून मी तो परत बसवला. बाकीचे तो पिशवीसकट घेऊन गेला.